विटेचा टंच: प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, रविवार (पाडवा), गाव

गुढी उभारून झाली, श्रीखंड-पुरी झाली आणि पंगत उठायच्या आत थोरल्या काकांनी विषय काढलाच. घराची वाटणी अक्षयतृतीयेला करायची. जमीन, घर, कलमं यांचं ठरलंय. राहिली फक्त वीट.

वीट म्हणजे आजेसासऱ्यांनी मुंबईच्या गोदीतून आणलेली ‘चांदीची’ वीट. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. एरवी माळ्यावर तांदळाच्या कणगीमागे असते. लक्ष्मीपूजनाला खाली येते, हळदीकुंकू घेते आणि पुन्हा वर जाते. चांदी किलोला लाखाच्या आसपास पोचल्यापासून तिच्याबद्दल घरात सगळे जरा हळू आवाजात बोलतात. सात किलोला थोडी कमी. हिशोब प्रत्येकाने मनातल्या मनात केलेला आहे, सहा लाख ऐंशी हजार. तीन घरं, तीन हिस्से.

धाकट्या दिरांनी कुणाला तरी मोबाइलवर फोटो दाखवला होता. तो म्हणाला, शिक्का बनावट दिसतोय, तरी मी दोन लाखाला घेतो. बनावट माल दोन लाखाला घेणारा माणूस भला की लबाड यावर जेवणं झाल्यावरही चर्चा चालूच.

शेवटी काका म्हणाले, “सूनबाई, तू कॉलेजात धातूंच्याच लॅबमध्ये ना? मग बघ की. खरी की खोटी ते सांग.”

घेतली अंगावर. तीस एप्रिलपर्यंत मुदत. जे करीन ते तारखेवार लिहून ठेवणार आहे, म्हणजे नंतर “तू कोपरा कापून ठेवलास” असं कुणी म्हणायला नको.

३१ मार्च, सोमवार, गाव

सकाळच्या उजेडात नीट बघितली.

लांबी साधारण १९ सेंमी, उंची पावणेसहा. वरून रुंद, खाली निमुळती, म्हणजे साच्यातून सहज सुटावी तशी. रुंदी वर साडेनऊ, तळाला आठ. रंग राखाडी, पण ज्या कडेला सगळ्यांचे हात लागतात तिथे पांढरट चकाकी. काळवंडलेली नाही. इथे पहिली शंका आली. या घरातलं चांदीचं निरांजन दर दिवाळीला रांगोळीने घासावं लागतं, आणि चुलीच्या धुरात इतकी वर्षं बसलेली ही वीट काळी पडू नये?

उजव्या टोकाला साच्याची गोलसर कड शाबूत. डावं टोक मात्र छिन्नीने तोडलेलं आहे. आणि एकदाच नाही: तीन-चार वेगवेगळ्या वेळी घाव घातल्यासारखे पैलू दिसतात, काही मळकट, एक जरा उजळ. कुणी, कशाला तोडली? कुणालाच माहीत नाही. आईंचं म्हणणं, “मी आले तेव्हा अशीच होती.”

वरच्या अंगावर ठोकलेली रोमन अक्षरं. खाचांत कुंकू इतकं भरलंय की आधी काहीच लागेना. जुना टूथब्रश आणि कोमट पाणी घेतलं. वर्षानुवर्षांचं कुंकू वाटीत उतरलं, पाणी डाळिंबासारखं झालं. मग वाचता आलं. वरच्या ओळीत टी, आर, ए, आय, टी, एस. खालची ओळ बरीच झिजलेली, शेवटची तीन अक्षरं स्पष्ट: ओ, आर, ई.

पुतण्या इंग्रजी माध्यमाचा. म्हणाला, “काकी, ट्रेट्स म्हणजे गुणधर्म. आणि ओअर म्हणजे खनिज.” काका खूश. गुणधर्म आणि खनिज असं वर लिहून ठेवलेली वीट खोटी कशी असेल?

किराणावाल्याच्या काट्यावर वजन केलं: ६,८४० ग्रॅम. तिरप्या तोडलेल्या टोकामुळे मापांवरून घनफळ अचूक निघत नाही. तरी ढोबळमानाने साडेनऊशे घन सेंमी धरलं तर घनता सव्वासातच्या आसपास येते. चांदीची १०.४९. हे मी काकांना सांगितलं.

काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “आत पोकळ असेल.”

चिडले होते, पण मुद्दा बरोबर आहे. ओतकामात हवा अडकते, फुगे राहतात. घनता कमी भरली म्हणून वरचा धातू चांदी नाही असं सिद्ध होत नाही. फक्त ‘भरीव चांदी नाही’ एवढंच म्हणता येतं. म्हणजे एका चाचणीवर भागणार नाही.

वीट कापडात गुंडाळून कोल्हापूरला आणली. एसटीत मांडीवर. पायांना मुंग्या आल्या.

५ एप्रिल, शनिवार, कोल्हापूर

घरच्या घरी होणाऱ्या चाचण्या.

लोहचुंबक: चिकटत नाही. म्हणजे बीड (ओतीव लोखंड) नाही. हे तपासायलाच हवं होतं, कारण बिडाची घनताही सव्वासातच्या जवळपास येते.

तिरपी करून निओडिमियम चुंबक घसरवला. चांदीवर असा चुंबक मधात पडल्यासारखा सावकाश उतरतो, कारण चांदीत वीज सहज वाहते आणि हलत्या चुंबकामुळे तिच्यात उठणारे प्रवाह त्यालाच मागे ओढतात. विटेवरून तो खर्रकन खाली आला. किंचित रेंगाळला असेल, पण मध म्हणावं इतकं नाही.

नाद: दोरीत टांगून लाकडी मुठीने वाजवली. ‘टण्ण’ नाही, ‘थप्प’. आता सात किलोचा ठोकळा आणि चांदीची वाटी यांच्या नादाची तुलना करणं न्यायाचं नाही. सोडून दिलं.

बर्फ: आई म्हणाल्या म्हणून केला. चांदी उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून तिच्यावर बर्फाचा खडा बघता बघता वितळतो. विटेवर एक, अॅल्युमिनियमच्या कढईच्या बुडावर एक. कढईवरचा आधी संपला. चांदीने अॅल्युमिनियमपुढे हरायला नको होतं. पण कढई पातळ, वीट जाड, दोन्हींचं सुरुवातीचं तापमानही सारखं होतं की नाही कोण जाणे. पुरावा म्हणून कच्चा.

६ एप्रिल, रविवार (रामनवमी)

घनतेचा पहिला प्रयत्न फसला. बादली काठोकाठ भरली, खाली परात ठेवली, वीट दोरीने सोडली आणि परातीत सांडलेलं पाणी मोजलं: ८४५ मिली. त्यावरून घनता ८.०९. लोखंड ७.८७, पितळ साडेआठच्या आसपास, आणि मधल्या या आकड्याला मला ओळखीचा धातूच सापडेना. अर्धा तास कोष्टकं चाळली.

मग बादली बघितली. काठावर पाणी फुगून उभं राहिलेलं, बाहेरच्या अंगाला ओघळ, दोरीही भिजलेली. शंभरेक मिली पाणी परातीत पोचलंच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी याच चुकीसाठी गुण कापते.

१२ एप्रिल, शनिवार

आज पद्धत बदलली. कॉलेजच्या लॅबमधला दहा किलोचा, एक ग्रॅम लघुतमांकाचा काटा. त्यावर अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बादली ठेवून काटा शून्यावर आणला. वीट नायलॉनच्या बारीक दोरीने वरच्या स्टँडला टांगून पाण्यात पूर्ण बुडवली. तळाला टेकू द्यायची नाही, कडेला लागू द्यायची नाही. काटा दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पाणी सांडायचा प्रश्नच नाही.

अंगाला चिकटलेले बुडबुडे रंगाच्या ब्रशने काढले. अक्षरांच्या खाचांत बरेच बसले होते.

तीन वाचनं: ९३९, ९३८, ९३८.

६,८४० भागिले ९३८, म्हणजे ७.२९.

भरीव चांदी असती तर काट्याने ६५२ दाखवले असते. शिसं असतं तर ६०३. जस्त असतं तर ९५८. वीस ग्रॅमचा फरक या काट्यावर लपत नाही. आणि कथलाची घनता ७.२९ ते ७.३१ अशी देतात.

कथील. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करतात ते कथील. हा शब्द डोक्यात आला आणि पहिल्यांदा वाटलं की आपण ‘खरी की खोटी’ विचारत बसलोय, ‘कशाची’ हे विचारलंच नाही. पण काकांची पोकळ चांदी अजून जिवंत आहे. बरोबर २८६ घन सेंमीची पोकळी असलेली चांदीची वीट नेमकी ७.२९ दाखवू शकते. तसं घडण्याची शक्यता काकांना सोडून कुणालाही पटणार नाही, पण वाटणीपत्रावर सही काकांचीच लागणार आहे.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. योगायोग असा की विटेची घरातली गोष्ट याच तारखेची आहे.

गोष्ट अशी सांगतात: गोदीत स्फोट झाला, आकाशातून सोन्याचांदीच्या विटा पडल्या, आजोबा तिथे हमाल होते, दुसऱ्या दिवशी राखेत त्यांना ही सापडली.

स्फोट खराच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी, लाकूड, तेलाची पिंपं. हे सगळं एकत्र भरणाऱ्याला काय म्हणावं! दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. आग विझवायला गेलेले जवान त्यात गेले. त्यांच्याच आठवणीत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह या तारखेपासून पाळतात.

विटा उडाल्या हेही खरं. पण त्या सोन्याच्या. ३१ पेट्यांत १२४ विटा, प्रत्येकी साडेबारा किलोच्या वर. एक तर मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली, आणि त्यांनी ती परत केली. चांदीच्या विटांचा उल्लेख मला कुठेच मिळाला नाही. ते जहाज इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालेलं, वाटेत कराचीला थांबून मुंबईला आलेलं.

काकांना फोन करून सांगितलं. त्यांचं उत्तर: “सरकार सगळं लिहितं होय?”

१९ एप्रिल, शनिवार, गुजरी

आज वीट घेऊन गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात गेले. ओळखीच्या सराफांकडे. काका मुद्दाम गावाहून आलेले, पांढरी टोपी, हातात पिशवी. पुराव्याला साक्षीदार हवा म्हणून मीच बोलावलं होतं.

सराफांनी आधी नुसतीच उचलली, खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. पेढीवर बसणाऱ्या माणसाचा हात हाच पहिला काटा असतो. कसोटीवर ओढली, करडा पट्टा उमटला. मग तोडलेल्या टोकाला कानशीने एक खाच पाडली. हे महत्त्वाचं, वरवर मुलामा असेल तर खालचा माल उघडा पडतो. खाचेत नायट्रिकचा थेंब सोडला.

फसफसलं. तांबूस धूर निघाला, आणि खाचेत पांढरीशुभ्र साय धरली.

काका उठूनच उभे राहिले. “पांढरं! बघितलंस? पांढरं आलं!”

काका कधीकाळी मुंबईला एका पेढीवर दिवाणजी होते, तिथे त्यांनी चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, काढताना पाहिलंय. चांदी तेजाबात, म्हणजे या नायट्रिकमध्येच, विरघळवतात, मिठाचं पाणी घालतात आणि दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. ते पांढरं त्यांच्या डोळ्यांत साठ वर्षं बसलेलं. पण इथे मीठ अजून कुणी घातलंच नव्हतं. चांदी नायट्रिकमध्ये गेली की पाण्यासारखा द्राव होतो, मीठ पडल्याशिवाय पांढरं होत नाही. कथील मात्र तीव्र नायट्रिकमध्ये विरघळतच नाही, त्याची तिथल्या तिथे पांढरी भुकटी होते.

मी हे सांगितलं. सराफांनी मान हलवली. काकांनी ऐकलं की नाही कळलं नाही, ते परत जाताना चहा आणि भजी माझ्या आग्रहाशिवाय घेऊन मोकळे झाले होते.

२० एप्रिल, रविवार

काकांना दाखवता येईल असं काहीतरी करायचं म्हणून रात्री ते आमच्याकडेच राहिले. सकाळी गच्चीवर दोन काचेच्या बशा मांडल्या.

पहिल्या बशीत माझ्या तुटक्या पैंजणाची एक कडी. नायट्रिकमध्ये विरघळवली, मिठाचं पाणी घातलं, पांढरा साका आला. दुसऱ्या बशीत विटेचा कीस, त्यावर नायट्रिक, पांढरी भुकटी. बाजूबाजूला ठेवल्यावर आमच्या आईंनाही फरक सांगता येईना.

दोन्ही बशा उन्हात ठेवल्या आणि आम्ही पोहे खाल्ले.

परत आलो तर पहिल्या बशीतलं पांढरं जांभळट, मग राखी होत चाललेलं. चांदीचं हे मीठ उजेड सहन करत नाही, जुनी फोटोग्राफी यावरच चालायची. दुसऱ्या बशीतलं पांढरं दुपारपर्यंत पांढरंच.

मग नव्याने दोन्हीकडे साका करून अमोनिया घातला. पैंजणाचा साका विरघळून गेला. द्राव निळा झाला, म्हणजे पैंजणात तांबं भरपूर आहे, ते वेगळं दुखणं. विटेची भुकटी हललीही नाही.

(कुणी करून बघणार असेल तर: चांदीचा अमोनियात विरघळवलेला द्राव साठवून ठेवायचा नाही, वाळला तर स्फोटक होतो. मी लगेच आम्ल घालून मोडला. तेजाब उघड्यावर, हातमोजे घालून, आणि पोरं खाली पाठवून.)

काका बराच वेळ काळ्या पडलेल्या बशीकडे बघत होते. मग म्हणाले, “बरं, चांदी नाही म्हण. पण मग आजोबांनी खोटी वीट कशाला सांभाळली असती?”

याला माझ्याकडे रसायन नव्हतं.

संध्याकाळी अजून एक. स्टीलच्या पळीत दहा ग्रॅम कीस घेऊन गॅसवर धरला. मिनिटभरात तुपासारखा वितळला, वर पातळ साय. कथील २३२ अंशांना वितळतं, जस्ताला ४२० लागतात, चांदीला ९६२. नवऱ्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न होतं, त्याने ते कोपऱ्याच्या एका टोकाला टेकवलं तर आत रुतलं. इतका मोठा ठोकळा असूनही. पोकळ चांदीचा विषय माझ्यापुरता इथेच संपला: पोकळ असली तरी चांदी सोल्डरिंग आयर्नला दाद देत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

पळीत वितळलेलं कथील फरशीवर ओतून बोटभर लांबीची पातळ पट्टी केली होती. आज ती सहज कानाजवळ धरून वाकवली.

रडली.

वर्गात इतकी वर्षं सांगत आले की कथील वाकवताना आवाज करतं, आतले स्फटिक जुळ्यांच्या रूपात एकदम पलटी घेतात म्हणून. पण शुद्ध कथलाची कांब कधी हातात आलीच नव्हती. बारीक कुरकुर, कोरडा पापड मुठीत दाबावा तशी. पुन्हा वाकवली, पुन्हा. जस्तही थोडंसं कुरकुरतं, पण इतकं बोलकं नाही. लेकीला हाक मारली, तिने कान लावला आणि म्हणाली, “आई, हिला दुखतंय.”

२६ एप्रिल, शनिवार

टंच काढणाऱ्या दुकानात एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरण टाकून धातू ओळखतं ते). कीस न देता वीटच नेली, खाच नव्याने घासून, कारण हे यंत्र धातूच्या अगदी वरच्या थरापुरतंच बघतं. मुलामा असला तर ते मुलाम्याचाच टंच सांगतं.

पहिला कागद आला त्यात चांदी, कॅडमियम, जस्त असं काहीबाही आणि बेरीज बरोबर शंभर. काकांना फोटो पाठवायच्या आधी नशिबाने मी विचारलं, यादीत कथील आहे का? नव्हतं. यंत्र दागिन्यांच्या प्रोग्रॅमवर होतं. यादीत जे धातू आहेत त्यांच्यातच त्याला शंभर टक्के वाटून द्यावे लागतात, म्हणून शेजारच्या घरात पाहुणा ढकलल्यासारखं करतं. मुलाने प्रोग्रॅम बदलला. दुसरा कागद: कथील ९९.८, बाकी शिशाचा अंश.

कुठल्याही टंचाच्या कागदावर बेरीज शंभर आहे म्हणून विश्वास ठेवू नये, एवढं मात्र या कामातून मला मिळालं. दोनशे रुपये.

२७ एप्रिल, रविवार

धातू कळला. आता शिक्का. कथलाच्या विटेवर कुणी नंतर खोटा शिक्का मारला असेल तर?

लॅबमधल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली अक्षरं बघितली. पंच ठोकला की मऊ धातू बाजूला सरकून अक्षराच्या कडेला बारीक ओठ उचलला जातो. इथे ओठ आहेत, पण झिजून गोल झालेले, आणि त्यांच्यावरची राखाडी साय बाकीच्या पाठीसारखीच. ताजा ठसा असा दिसत नाही.

त्याहून मोठी गोष्ट डाव्या कडेला सापडली. ‘टी’च्या आधी, अगदी तोडलेल्या कडेवर, एका वळणदार अक्षराची शेपटी शिल्लक आहे. छिन्नीचा घाव त्या अक्षराच्या मधून गेलाय. म्हणजे शिक्का आधीचा, तोडणं नंतरचं. फसवायला शिक्का मारणारा माणूस अक्षरं विटेवर मावतील अशी मारतो, अर्धी हवेत नाही.

ती शेपटी ‘एस’ची. एस, टी, आर, ए, आय, टी, एस.

स्ट्रेट्स.

मलायातल्या कथलाला जगभरच्या बाजारात ‘स्ट्रेट्स टिन’ म्हणत. स्ट्रेट्स ट्रेडिंग कंपनी १८८७ची, तिची भट्टी सिंगापूरला लागून असलेल्या पुलाऊ ब्रानी बेटावर १८९० पासून. आणि खालच्या ओळीतलं ओ, आर, ई खनिज नव्हे: सिंगापूरचं शेपूट.

एकटीच हसले लॅबमध्ये. गुणधर्म आणि खनिज!

मग तारखा मांडल्या. सिंगापूर जपान्यांच्या हाती गेलं १५ फेब्रुवारी १९४२ला. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत तिथलं कथील मुंबईला यायचा रस्ताच बंद. म्हणजे ही वीट बहुधा त्याआधी मुंबईत उतरलेली, स्फोटाच्या दोन वर्षं तरी आधी. आणि बर्कनहेडहून आलेल्या फोर्ट स्टिकिनशी तिचं नातं जोडायला काहीच उरत नाही. मोठ्या लादीचा तोडलेला तुकडा आहे हा. लादी केवढी होती कुणास ठाऊक.

शेरा लिहिला: चांदी म्हणून खोटी. कथील म्हणून अस्सल. किंमत किलोला अडीच-तीन हजारांच्या घरात, म्हणजे सगळी मिळून वीस हजारांच्या आतबाहेर. फोटो बघून दोन लाख देऊ करणारा दिरांचा माणूस लबाडच, पण त्याला पण चांदीच वाटली असणार.

३० एप्रिल, बुधवार (अक्षयतृतीया), गाव

आमरस-पुरीनंतर सगळे माजघरात बसले. मी कागद वाचून दाखवले, काळी पडलेली बशी दाखवली, पट्टी प्रत्येकाच्या कानाशी वाकवली. पोरांनी रांग लावली. सगळ्यांना पटलं. थोरले काका गप्प.

मग म्हणाले, “पण स्फोटातली नाही हे कशावरून? आजोबांनी सिंगापूरची दुसऱ्या जहाजातनं उचलली असेल.”

तेवढ्यात डोंबिवलीहून आत्यांचा फोन आला. आत्या अठ्ठ्याऐंशीच्या, सगळ्या भावंडांत मोठ्या. सणाच्या दिवशी सगळे एकत्र असले की त्यांचा फोन ठरलेला. स्पीकरवर घातला. नवऱ्याने सांगितलं, आत्या, विटेचा टंच काढला, कथील निघाली.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आत्या म्हणाल्या, “कथीलच ना ती? मग चांदी कधी झाली?”

माजघरात कुणी बोलेना.

“बाबा आणायचे गोदीतल्या कुणाकडनं तरी विकत. कल्हईवाला गावात आला की एवढाएवढा तुकडा छिन्नीने तोडून द्यायचे, म्हणजे तो मजुरीच घ्यायचा, कथलाचे पैसे नाही. सगळ्या आळीची भांडी आमच्या ओटीवर व्हायची. नवसागराचा धूर, मी खोकत असायची.” मग त्या हसल्या. “थोरल्याच्या बारशाला बुंदी पाडायची होती, तर सगळी तांब्याची पातेली कल्हईला काढलेली. त्या दिवशी केवढा तरी तुकडा गेला तिचा.”

थोरल्या काकांचा जन्म १९४३चा. स्फोट १९४४चा. माझ्या सगळ्या मायक्रोस्कोपवर काकांच्या बारशाने मात केली.

काकांनी विचारलं, “मग आई पूजेत का मांडायची, अक्का?”

“बाबा गेले त्या दिवाळीला मांडली. तोवर स्टील आलं होतं घरात, कल्हई बंद. त्यांच्या हातची म्हणून मांडली रे. चांदी म्हणून नव्हे. चांदी तुम्हीच केलीत नंतर.”

फोन ठेवल्यावर काकांनी वीट मांडीवर घेतली आणि तोडलेल्या पैलूंवरून अंगठा फिरवत बसले. वाटणीपत्रात तिचं नाव आलं नाही. माळ्यावर जाईल, लक्ष्मीपूजनाला खाली येईल, असं तोंडी ठरलं. शिवाय आत्यांना एक तुकडा पाठवायचा, त्यांनी मागून घेतलाय.

४ मे, रविवार, गाव

हिशोब पूर्ण करते. चाचण्यांत गेलेला आणि पट्टीत उरलेला कीस ३१ ग्रॅम. आत्यांसाठी तोडलेला तुकडा ७४ ग्रॅम. आज आईंच्या तांब्याच्या दोन पातेल्यांसाठी काकांनी स्वतः छिन्नी घेऊन तोडला तो ९५ ग्रॅम. शिल्लक वजन ६,६४० ग्रॅम. डावीकडच्या ‘एस’ची शेपटी गेली, त्याचा फोटो आधीच काढून ठेवलाय.

कल्हईवाला शोधायला तीन गावं फोन फिरवावे लागले. साठीचा माणूस, भाता, कोळसा, नवसागराची पुडी, कापसाचा बोळा. मी त्याला सांगायला लागले की कथील आमचंच आहे, चांगलं आहे, मशीनवर तपासलंय, ९९.८ टक्के.

त्याने काकांच्या हातातून तुकडा घेतला, त्याची पातळ कड चिमटीत धरून कानाशी नेली, वाकवली, आणि भाता मारायला बसला.